उभ्या गाडीची निगा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आजऱ्यातल्या गॅरेजवाल्यांना उसंत नसते. मुंबई-पुण्याची माणसे गावी आलेली असतात आणि घरामागच्या शेडमधली गाडी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक करत असते. सुरू झालीच, तर हलत नाही. हललीच, तर मागच्या चाकातून करकर ऐकू येते आणि आत बसवत नाही असा कुबट वास असतो. मालकाला मनापासून आश्चर्य वाटते, कारण त्याने गाडीला काही केलेलेच नसते. ती तर नुसती उभी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात हे दृश्य सर्रास दिसते. एकेकाळी इथली माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली. त्यांची मुले शहरांतच वाढली, पण घर आणि शेत गावी राहिले. आता अनेक घरांत एक गाडी गावाकडे ठेवलेली असते. वडिलांनी हौसेने घेतलेली, किंवा शहरात नवी आल्यावर जुनी म्हणून इकडे आणलेली. मे महिना, गणपती, दिवाळी, शिमगा आणि एखादे लग्न एवढ्यापुरती ती बाहेर निघते. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती चालवता येत नाही. वर्षाचे दहा महिने ती कौलाच्या किंवा पत्र्याच्या शेडखाली असते.

‘कमी चालली म्हणजे चांगली राहिली’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. जुनी गाडी विकताना मीटरचा आकडा हीच तिची मोठी गुणपत्रिका मानली जाते. तो समज अर्धाच खरा आहे. पिस्टन, गिअर, बेअरिंग, क्लच ही मंडळी चालल्याने झिजतात हे बरोबर. पण रबर, ऑइल, पेट्रोल, बॅटरीतले ॲसिड, ब्रेकचे तेल आणि उघडे लोखंड यांचे वय कॅलेंडरवर मोजले जाते, मीटरवर नाही. त्यांच्यासाठी उभे राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यातल्या काहींसाठी तर चालण्यापेक्षा उभे राहणेच जास्त घातक असते.

आणि हा आजरा आहे. इथून घाटाकडे निघाले की तासाभरात आंबोली येते, जिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आजरा गावात तेवढा कोसळत नाही, पण जून ते सप्टेंबर घाटमाथ्याची ओल कुणाला चुकत नाही. कपडे वाळत नाहीत, चपलांवर बुरशी येते, मीठ पाझरते. लोखंडाच्या दृष्टीने पाहायचे तर हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, आणि इथे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याहून कितीतरी वर असते. छप्पर पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही. म्हणून कोरड्या मुलखात लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

सुरुवात बॅटरीपासून करावी लागते, कारण मालकाला पहिला दणका तिचाच बसतो. किल्ली काढून घेतली तरी आजची गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, चोरीचा अलार्म, इंजिनच्या कंप्युटरची स्मृती हे सगळे थोडीथोडी वीज पीत राहतात. ठीकठाक गाडीत हा प्रवाह साधारण वीस ते पन्नास मिलिॲम्पिअर असतो. तीस धरला तर दिवसाला पाऊण ॲम्पिअर-अवरच्या आसपास वीज जाते. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची असते, म्हणजे साडेतीन आठवड्यांत ती निम्मी. बाहेरून जीपीएस किंवा कॅमेरा जोडून घेतला असेल तर त्याहूनही लवकर.

खरे नुकसान पुढेच होते. लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतात. तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली तर त्यांचे कठीण स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. पूर्ण भरलेली, शांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या थोडी वर दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असला तर हे कुणालाही पाहता येते, आणि ज्याची गाडी वरचेवर उभी असते त्याने तो जरूर घ्यावा. नव्या बॅटरीच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

आता त्या सर्वमान्य उपायाकडे येतो, ज्याच्यासाठी मी खरे तर हा लेख लिहायला घेतला. गावाहून निघताना शेजारच्या पोराच्या हातात किल्ली दिली जाते आणि सांगितले जाते, “आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव रे.” पोर बिचारे इमानाने ते करते. आणि या पाच मिनिटांनी गाडी हळूहळू आतून खराब होत जाते.

आधी विजेचा हिशेब पाहा. वर धरलेल्या तीस मिलिॲम्पिअरनेच आठवड्यात पाच ॲम्पिअर-अवर वीज गेलेली असते. गाडी जागेवर सुरू ठेवली, आल्टरनेटरने बॅटरीत दहा ॲम्पिअर ढकलले असे उदार मनाने मानले, तरी पाच मिनिटांत एक ॲम्पिअर-अवरही परत येत नाही. त्यात पुन्हा सेल्फचा खर्च. म्हणजे दर आठवड्याला बॅटरी आणखी खालीच जाते. गाडी सुरू झाली म्हणून सगळे निर्धास्त राहतात आणि दीड-दोन महिन्यांनी ती अचानक सुरू होत नाही.

दुसरी गोष्ट विजेहून महत्त्वाची. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, त्याचे हे पाणी. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले की ते वाफ होऊन निघून जाते. थंडीच्या सकाळी पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून ठिबकताना दिसते ते हेच. पण पाच मिनिटांत सायलेन्सर शेवटपर्यंत तापत नाही. वाफ आतच थंड होते, पाणी तळाला साचते, आणि गाडी बंद करून आपण घरात जातो. म्हणून फारशा न चाललेल्या गाड्यांचे सायलेन्सर आतून गंजून फुटतात. बाहेरून रंग शाबूत, हात लावला की भोक.

तोच प्रकार ऑइलचा. पिस्टनच्या कडेने थोडी वाफ आणि कच्चे पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतेच. रोज लांब चालणाऱ्या गाडीत ते तापून उडून जाते. कूलंट लवकर तापते म्हणून डॅशबोर्डवरचा काटा वर येतो आणि आपल्याला वाटते इंजिन गरम झाले. ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पाच-पाच मिनिटे सुरू करून ठेवलेल्या गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला पिवळट, पांढुरकी साय जमलेली दिसली तर ते ऑइलमध्ये मिसळलेले पाणी आहे. (कधी हेड गॅस्केट गेल्यानेही असे होते, म्हणून कूलंटची पातळीही त्याच वेळी बघावी.) असे ऑइल आम्लधर्मी होते आणि ज्या धातूचे रक्षण करायचे त्यालाच चरत राहते.

म्हणून माझे मत स्वच्छ आहे. गाडी एक तर नीट चालवावी, नाही तर नीट झोपवावी. मधला पाच मिनिटांचा मार्ग नको.

नीट चालवणे म्हणजे काय? पंधरा दिवसांतून एकदा, थांबे न घेता निदान वीस किलोमीटर. आजऱ्याहून गडहिंग्लज वीस-एक किलोमीटरवर आहे. तिथला बाजार करून परत यायचे, काम झाले. जाताना-येताना सगळे गिअर पडतात, ब्रेक तापतात, टायर गोल फिरतात, ऑइल पूर्ण तापते, आल्टरनेटर बॅटरी बऱ्यापैकी भरतो. त्यातली दहा मिनिटे एसी लावायचाच, पावसाळ्यातही. एसीच्या गॅसबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरच्या सीलला ओलसर ठेवते. महिनोन्‌महिने एसी बंद राहिला की सील सुकते आणि गॅस गळतो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत “गेल्या वर्षीच तर गॅस भरला होता” अशी तक्रार. काचा वरखाली करायच्या, वायपर पाणी मारून फिरवायचे. आणि गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स हवेच. विनापरवाना मुलाच्या हातून काही घडले तर विमा कंपनी हात वर करते, आणि कायद्याने मालकही सुटत नाही.

डिझेलवाल्यांनी हे जास्तच मनावर घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जाळायला गाळणी सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापावी लागते, आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावे लागते. अंगणात धुरधुर करत ठेवलेल्या गाडीची गाळणी फक्त भरत जाते. शिवाय डिझेलच्या टाकीत पाणी उतरले की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा चिकट थर वाढतो. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू पावसाळ्यानंतर एकदा सोडून घ्यायला मेकॅनिकला सांगावे.

घरात चालवणारे कुणीच नसेल तर गाडी झोपवायची. हे काम निघायच्या दिवशी सकाळी घाईत करायचे नाही, आदल्या दिवशी दुपारी ऊन बघून करायचे. आधी धुवायची, खालून चिखल काढायचा, मग थोडी फिरवून पूर्ण वाळवायची. ओली गाडी कव्हरखाली घालणे म्हणजे गंजाला आमंत्रण. पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत पाने अडकलेली असतात. ती काढली नाहीत तर पाणी वाहून जायची भोके तुंबतात आणि पावसाचे पाणी सरळ गाडीत उतरते. आतल्या पायपुसण्या आणि रबरी मॅट घरात नेऊन ठेवाव्यात. सीटखालचा बिस्किटाचा चुरा, शेंगांची टरफले साफ करावीत, कारण बुरशी आणि उंदीर दोघेही त्यावरच येतात.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. या एका सवयीने आजऱ्यात जेवढ्या गाड्या अडकतात तेवढ्या दुसऱ्या कशाने अडकत नसतील. हँडब्रेक ओढला की मागचे लायनर ड्रमला घट्ट दाबून बसतात. दमट हवेत ड्रमवर गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटून जातात. तीन महिन्यांनी हँडब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. जोर करून गाडी पुढे काढली तर कधी लायनरच उखडून निघतो. सपाट जागी गाडी उभी करायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि दोन चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. क्लचचेही असेच असते. फार दिवसांच्या ओलीने क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पण हँडब्रेकच्या मानाने ते क्वचित.

टायरची हवा न वापरताही महिन्याला एक-दोन पौंड उतरते. सगळ्या गाडीचे वजन त्याच एका जागेवर महिनोन्‌महिने राहिले की टायर तिथे चपटा होतो आणि मग साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. थोडा चपटेपणा चालवल्यावर जातो, जास्त असला तर जात नाही. म्हणून ठेवताना हवा नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त भरावी आणि कुणी येणारे असेल तर त्याने महिन्याला गाडी हातभर पुढे-मागे ढकलून ठेवावी. स्टेपनीत हवा भरायला कुणालाच आठवत नाही. पंक्चर झाल्यावर घाटात ती आठवते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी रबर ऊन आणि हवेने कडक होते, कडेला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरूच नये, असे टायर कंपन्याच सांगतात. घाट उतरणाऱ्या गाडीला मी तर दहा वर्षांची वाट बघू देणार नाही.

पेट्रोलचा विषय अलीकडे बदलला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, आणि त्या तीन ठिकाणांपैकी दोन आपल्या राज्यातली होती, मिरज आणि मनमाड. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या माणसांना ही गोष्ट जवळची वाटावी. २०२५ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. साधे पेट्रोल पाणी जवळपास घेतच नाही. इथेनॉलचे पेट्रोल एका मर्यादेपर्यंत पाणी आपल्यात विरघळवून घेते. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात, आणि पंप तर तळातूनच ओढतो. नव्या गाड्यांची इंधनव्यवस्था बंदिस्त असल्याने हवेतले पाणी सहज आत जात नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांसाठी घाबरण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या आणि दुचाकी यांना मात्र हा त्रास लवकर होतो. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉलला टिकतील असे बनवायला लागले. त्याआधीची गाडी असेल तर रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? दोन-चार महिन्यांसाठी भरलेली. आत हवा कमी राहिली की ओलही कमी, आणि पत्र्याची टाकी असेल तर ती गंजतही नाही. मात्र वर्ष-वर्ष उभ्या राहणाऱ्या गाडीत भरलेली टाकी म्हणजे तेवढे शिळे पेट्रोल. पेट्रोलमधले हलके, लवकर पेटणारे घटक उडून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून चिकट होते आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसते. एवढे दिवस गाडी उभीच राहणार असेल तर पाव टाकी ठेवावी आणि परत आल्यावर ताजे भरावे.

शेवटी बॅटरी. घरात वीज नेहमी असेल आणि शेडपर्यंत वायर जात असेल, तर बारीक प्रवाहाने बॅटरी भरलेली ठेवणारा स्वयंचलित चार्जर लावून ठेवणे सगळ्यांत उत्तम. वीज जात-येत असेल, पावसात शेडमध्ये पाणी ठिबकत असेल, तर ते नको. दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवावी. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. नाही तर पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला लागून मोठी ठिणगी पडते. वायर काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून दार किल्लीने उघडते का हे त्याआधी तपासावे. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावे लागेल, काही गाड्यांत रेडिओचा कोड मागेल, काचेची एका दाबात वर जायची सोय पुन्हा शिकवावी लागेल. एवढीच गैरसोय. वायर काढली तरी बॅटरी स्वतःहून महिन्याला काही टक्के उतरतेच, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तिला चार्ज द्यावाच लागतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वाटते हे आपल्याला लागू नाही. तिच्यातही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच आणि तीच आधी बसते. मोठी बॅटरी फार दिवस ठेवायची तर शंभर टक्के भरून किंवा शून्याला आणून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास ठेवावी.

उंदरांबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या भागात ते नुसता त्रास नसून खर्चाचे मोठे कारण आहेत. भाताची सुगी झाली की घरात घनसाळची पोती येतात, काजू वाळत पडतो, परड्यात गवताची गंजी असते, आणि बाजूलाच बॉनेटखाली कोरडी, अंधारी, कुणी न हलवणारी जागा असते. उंदराला, घुशीला, खारीलाही आणखी काय हवे? त्यांचे दात सतत वाढतात, म्हणून ती सतत कुरतडतात. वायरचा गठ्ठा, बॉनेटखालचे आवाज शोषणारे अस्तर, एअर फिल्टरचा कागद, सगळे चालते. एकच वायर तुटली तरी सेन्सरचा दिवा लागतो आणि मेकॅनिकला ती शोधायला दिवस जातो. निपाणीकडचा तंबाखू इथे सहज मिळतो, म्हणून त्याची पाने फडक्यात बांधून बॉनेटखाली ठेवायची पद्धत आहे. वास ताजा असेपर्यंत तिचा काहीसा उपयोग होतो, पण दोन-तीन आठवड्यांनी वास जातो आणि उंदीर येतात. डांबरगोळ्यांचेही तसेच. खात्रीचे उपाय दोन: गाडी धान्य-गवतापासून लांब उभी करणे, आणि हवा आत जायच्या मार्गावर बारीक लोखंडी जाळी बसवणे. महिनाभरात एकदा बॉनेट उघडून उजेड आणि माणसाचा हात तिथे पोहोचला तरी फरक पडतो. उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबून ठेवलाच तर स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवावी. बॅटरीची वायर काढली आहे, हँडब्रेक नाही, सायलेन्सरला बोळा आहे, टायरमध्ये हवा जास्त आहे. तीन महिन्यांनी हे आपल्याला आठवत नाही, आणि गाडी काढणारा दुसराच कुणी असेल तर त्याला हे कळायचा मार्ग नसतो.

कव्हर घालायचे तर श्वास घेणारे, कापडी अस्तराचे. प्लॅस्टिकची ताडपत्री शेडखालच्या गाडीला मुळीच घालू नये; रात्री खाली दव धरते आणि दिवसभर ते तिथेच राहते. शेडखाली असेल तर काचा बोटभर खाली ठेवल्या की आत बुरशी कमी येते, मात्र त्या फटीला जाळी हवी.

दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, यांतले जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला, असे जवळपास प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आपण पहिला अर्धाच वाचतो. कमी चालणाऱ्या गाडीला दुसरा अर्धा लागू. दीड हजार किलोमीटर झाले असले तरी वर्षाने ऑइल बदलायचे, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर, म्हणजे चार महिन्यांची ओल त्याच्याबरोबर निघून जाते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्या देशाच्या गाड्या एकाच वेळी उभ्या राहिल्या. गाडी कंपन्यांनी ग्राहकांना बॅटरी, टायर, हँडब्रेक यांबद्दल सूचना पाठवल्या. आपल्या भागात हा विषय तेव्हा पहिल्यांदा घराघरात बोलला गेला आणि रस्ते उघडल्यावर विसरलाही गेला. याउलट कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर दर दसऱ्याला एक उदाहरण येते. छत्रपती घराण्याची मेबॅक, राजाराम महाराजांच्या काळातली, सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते आणि गर्दी तिच्यासाठी वाट करून देते. झेपेलिन वायुनौकांची इंजिने बनवणाऱ्या जर्मन कंपनीची ती गाडी. एवढी जुनी गाडी वर्षातून एकदा लोकांसमोर आपल्या चाकांवर चालत येते, ते मधल्या महिन्यांत तिला विसरून होत नाही.

कागदांनाही मुदत असते, गाडी चालो न चालो. विमा संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो, आणि तो वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. पावसाळ्यात झाड पडले, शेड कोसळली तर नुसता थर्ड पार्टी विमा उपयोगाचा नाही, हेही लक्षात असावे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने जेवढे चालवाल त्यानुसार हप्ता ठरवण्याची सोय करायला परवानगी दिली. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी ती जरूर विचारावी. पीयूसी निघायच्या आधी तपासावी. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि वडिलांच्या नावावरच्या जुन्या गाडीची ती तारीख घरात कुणालाच माहीत नसते. वडील हयात नसतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी.

गाडी पुन्हा काढताना घाई नको. बॉनेट उघडून घरटे, कुरतडलेली वायर, गळती बघावी. खाली फरशीवर डाग आहेत का पाहावे. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या, टायरची हवा. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना लाल वायर दोन्हीकडे पॉझिटिव्हला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. धक्का मारून सुरू करणे आजच्या गाड्यांना चांगले नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या महागड्या कन्व्हर्टरमध्ये जाते. डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याला घाबरू नये. करकर त्यानंतरही राहिली तर चाक खोलून घ्यावे.

आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट ब्रेक ऑइलची, जी कुणी बोलत नाही. हे तेल हवेतले पाणी शोषते, गाडी उभी असतानाही. नवे डॉट-४ तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी उतरले की उकळबिंदू १५५ अंशांवर येण्याइतका घसरू शकतो. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापते, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ होऊन खाली जाते. दोन वर्षांनी हे तेल बदललेच पाहिजे, गाडी किती चालली हा प्रश्नच नाही.

तेव्हा गावी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाबाळांना घेऊन आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरू नका. आधी एकट्याने गडहिंग्लजला जाऊन या, ब्रेक पेडल टणक आहे ना पाहा, परत आल्यावर चाकांना हात लावून एखादे जास्त तापले आहे का बघा, आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते आठवत नसेल तर गाडी थेट गॅरेजला न्या.